डिझाइनमध्ये स्लॅग होता, राफ्टच्या निम्म्याहून जास्त भागात पडलाच नाही. कार्बन अहवालात काय लिहायचं?

गच्चीपर्यंत

नमस्कार. मी एका कार्यालयीन इमारतीच्या साइटवर क्वालिटी बघते. दोन तळघरं, वर नऊ मजले. सध्या चौथ्या स्लॅबचं सेंटरिंग चालू आहे. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या संस्थेची अट आहे की ताबा देण्याआधी प्रत्यक्ष बांधकामाचा कार्बन अहवाल हवा आणि मुख्य साहित्याच्या प्रत्येक आकड्यामागे कागद हवा. हे काम माझ्याकडे तीन महिन्यांपूर्वी आलं, म्हणजे पाया भरून झाल्यावर.

कपाट उघडलं तर चलानांच्या सात फायली निघाल्या. निम्म्या चलानांवर एवढंच आहे: एम४०, ६ घनमीटर, गाडी नंबर, वेळ, सही. त्या सहा घनमीटरमध्ये सिमेंट किती आणि स्लॅग (सिमेंटच्या काही भागाऐवजी घालतात ती झोतभट्टीच्या मळीची पूड) किती, काही कळत नाही. सळईची मिल टेस्ट सर्टिफिकेटं आहेत, पण ती एका फायलीत, वजनकाट्याच्या पावत्या दुसऱ्या फायलीत, आणि कोणती सळई कोणत्या मजल्यात गेली हे फक्त बार बेंडिंगच्या मुकादमाला माहीत.

एवढं असतं तरी मी निस्तरलं असतं. खरी अडचण राफ्टची, म्हणजे इमारतीखालच्या जाड सलग पायाची आहे. राफ्ट ११५० घनमीटरचा, तीन पोअरमध्ये भरला. मिक्स डिझाइनमध्ये घनमीटरला ४०० किलो बाइंडर (सिमेंट आणि स्लॅग मिळून) होतं, त्यातलं निम्मं स्लॅग. पहिल्या ५१० घनमीटरला तसंच झालं. पुढच्या दोन पोअरच्या वेळी प्लांटला स्लॅगचा पुरवठा थांबला. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ईमेलवर साध्या ओपीसीला, म्हणजे स्लॅग नसलेल्या नेहमीच्या सिमेंटला मंजुरी दिली, बर्फ टाकून आणि थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी तार) लावून काम झालं, ताकद तपासायचे क्यूब उत्तम आले. म्हणजे ६४० घनमीटर काँक्रीट स्लॅगशिवाय गेलं. ही गोष्ट कार्बनचं काम बघणाऱ्या सल्लागारापर्यंत कोणी पोचवली नाही. मी गेल्या आठवड्यात पोचवली.

त्यांचं म्हणणं असं: डिझाइनच्या वेळी जो ईपीडी (उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामाचं उत्पादकाने दिलेलं घोषणापत्र) धरला होता तोच ठेवू, कारण ग्रेड तीच आहे, पुरवठादार तोच आहे, आणि आता आकडा बदलला तर करारातल्या लक्ष्याच्या वर जाईल. साहित्याच्या नोंदवहीवर 'प्रत्यक्ष वापराप्रमाणे' असं छापलेलं आहे आणि त्याखाली सही माझी लागणार आहे. मी सही केलेली नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा फरक खरंच एवढा मोठा आहे का, की मी शिंतोड्यासाठी छत्री उघडून बसले आहे? आणि जे काँक्रीट आधीच जमिनीखाली गेलं, त्याचा पुरावा आता कसा उभा करायचा? पुढच्या मजल्यांसाठी गेटवर काय पद्धत लावावी तेही सांगितलंत तर उपकार होतील. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी लिहावं.

मोजमाप

ताई, आधी एक विचारा: अहवाल कोणत्या हद्दीचा मागितलाय? 'कार्बन अहवाल' या दोन शब्दांत जगभर वेगवेगळी कामं येतात. स्वीडनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून नव्या इमारतींना जे हवामान-घोषणापत्र लागतं ते फक्त ए१ ते ए५ पुरतं आहे, म्हणजे कच्च्या मालापासून साइटवरचं काम संपेपर्यंत. डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइड अशी मर्यादा घातली, ५० वर्षांचं आयुष्य धरून, आणि त्यात वापराच्या काळातली ऊर्जाही मोजतात. जुलै २०२५ पासून ती इमारतीच्या प्रकारानुसार आणखी कडक झाली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार १००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना २०२८ पासून आणि सगळ्याच नव्या इमारतींना २०३० पासून पूर्ण आयुष्यचक्राचा आकडा जाहीर करायचा आहे. आरआयसीएस या ब्रिटनमधल्या सर्व्हेयरांच्या संस्थेची पद्धत ६० वर्षं धरते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. लीड व्ही४ या हरित इमारतींच्या मानांकनात किमान ५ उत्पादकांची २० उत्पादनं ईपीडीसह दाखवली की एक गुण मिळतो. ते कागद गोळा करण्याचं काम आहे, त्यात इमारतीच्या कार्बनची बेरीज होत नाही. बरेच जण ती वीस पानं जोडून 'कार्बन अहवाल दिला' म्हणतात. तुमच्या सल्लागाराने तसं तर धरलं नाही ना, हे बघा.

राफ्टबद्दल माझं मत: सरसकट सरासरी आकडा लावा आणि मोकळे व्हा. जमिनीखालचं कोण उकरणार?

जुनी सळई

ताई, सही केली नाहीत हे योग्य केलंत. मोजमाप यांचा हद्दीचा मुद्दा बरोबर आहे, शेवटचं वाक्य मला मान्य नाही. मी अठरा वर्षं बिलांची मोजणी केली, गेली आठ वर्षं हेच कार्बनचं काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा पहिला प्रश्न. फरक मोठा आहे, आणि तो हाताने मोजता येतो. साधं ओपीसी बनवताना टनामागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, स्लॅगसाठी बहुतेक ईपीडींमध्ये १०० किलोच्या खाली. तुमच्या मिक्समध्ये घनमीटरला २०० किलो स्लॅगच्या जागी २०० किलो सिमेंट आलं. म्हणजे घनमीटरमागे दीडशे किलोच्या आसपास वाढ. ६४० घनमीटरला ९६ टन. एक लिटर डिझेल जाळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशोबाने हे जवळपास ३६,००० लिटर डिझेल झालं. साइटवरचा जनरेटर, क्रेन, पंप यांच्या डिझेलच्या नोंदी तुम्ही लिटर-लिटरने ठेवत असाल. त्या सगळ्या नोंदींपेक्षा ही एक ईमेल जड आहे.

शेजारी वाहतूक ठेवून बघा. ६४० घनमीटर म्हणजे सुमारे १५३६ टन. प्लांट २० किलोमीटरवर असेल आणि टन-किलोमीटरला ०.१ ते ०.१५ किलो धरलं, तर येतात तीन ते साडेचार टन. लोक बैठकीत तासभर वाहतुकीवर बोलतात, कारण गाड्या डोळ्यांना दिसतात. सिमेंटचा धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो. आणि तोही निव्वळ इंधनाचा नव्हे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. भट्टी कितीही चांगली चालवली तरी तो भाग टळत नाही. म्हणून क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारा सिमेंटचा मूळ घटक) किती, हा एकच प्रश्न काँक्रीटच्या कागदात सगळ्यात मोलाचा, आणि तुमच्या चलानावर नेमका तोच नाही.

'ग्रेड तीच आहे' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. एम४० म्हणजे अठ्ठावीस दिवसांची ताकद. ती ताकद कशाने आली हे ग्रेड सांगत नाही. ईपीडी एका विशिष्ट मिक्सचा असतो, एका विशिष्ट प्लांटचा असतो. मिक्स बदललं की तो ईपीडी त्या काँक्रीटचा राहत नाही. त्या ६४० घनमीटरला त्याच प्लांटचा ओपीसी मिक्सचा ईपीडी असेल तर तो लावा. नसेल तर मान्यताप्राप्त डेटाबेसमधला, स्लॅग नसलेल्या काँक्रीटचा सामान्य आकडा लावा आणि शेजारी स्वच्छ लिहा: सामान्य आकडा, उत्पादकाचा नाही. मोजमाप म्हणतात तशी सरसकट सरासरी मात्र नको, कारण त्या सरासरीत बहुतेक वेळा थोडी फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग धरलेला असतो, आणि तुमच्याकडे तर तो नव्हता असं सांगणारा लेखी कागद आहे.

लक्ष्याचं काय? डिझाइनचा अहवाल आणि प्रत्यक्ष बांधकामाचा अहवाल हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. पहिला अंदाज, दुसरा हिशोब. दोन्ही शेजारी ठेवून फरकाचं कारण एका परिच्छेदात लिहायचं: पुरवठा थांबला, अमुक तारखेला मंजुरी, ६४० घनमीटर, वाढ ९६ टन. मी असे चार अहवाल त्रयस्थ तपासणीतून नेले आहेत. कारण लिहिलेला फरक तपासणाऱ्याने दरवेळी स्वीकारला. एकदा मात्र डिझाइनचा आणि प्रत्यक्षाचा आकडा दशांशापर्यंत सारखा होता, तेव्हा त्याने सगळी चलानं मागवली. साइटवर सगळं कागदाप्रमाणे झालं यावर ज्याने साइट बघितली आहे तो विश्वास ठेवत नाही. आणि अजून बरेच स्लॅब पुढे आहेत ना? ९६ टन भरून काढायला तिथे वाव आहे. स्लॅग परत सुरू झाला असेल तर स्तंभांसाठी आणि भिंतींसाठी तो वाढवता येतो का हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आजच विचारा. सेंटरिंग काढायच्या दिवसांवर परिणाम होईल, म्हणून ठेकेदारालाही त्या चर्चेत बसवा.

आता सळई. काँक्रीटइतकंच इथेही लक्ष द्या. लोहखनिजापासून झोतभट्टीत केलेल्या पोलादामागे जागतिक सरासरीने टनाला २.३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगारातून विद्युत भट्टीत केलेल्यामागे ०.७ टनाच्या आसपास. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर यातलं काहीच नसतं. त्यावर रासायनिक घटक, ताण, वाढ आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक असतो. हीट नंबर ही किल्ली आहे. तो नंबर देऊन मिलकडून लेखी घ्या की ही हीट कोणत्या भट्टीतली, भंगार किती टक्के. हे पत्र माल येताना मागितलं तर दोन दिवसांत मिळतं. इमारत उभी राहिल्यावर मागितलं तर कोणी फोनही घेत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. सळईच्या बंडलाचा धातूचा टॅग कापून फेकून देतात, तो जपून ठेवायला लावा.

ईपीडी हाताळताना माझ्या चुका कुठे झाल्या ते सांगतो. मी एकदा इन्सुलेशनचा ईपीडी चौरस मीटरमागे वाचला आणि गुणाकार करून मोकळा झालो. तो आकडा एका ठरावीक उष्णतारोधासाठी, म्हणजे ठरावीक जाडीसाठी होता. आमचं इन्सुलेशन त्याच्या अडीचपट जाड होतं. तपासणाऱ्याने पकडलं. तेव्हापासून घोषित एकक, म्हणजे आकडा कशामागे दिलाय ते आधी वाचतो, आकडा नंतर. दुसरं, मुदत. ईपीडी साधारण पाच वर्षं चालतो. खरेदीच्या दिवशी तो चालू होता का हे बघा आणि त्या दिवशीच पीडीएफ उतरवून ठेवा, कारण उत्पादक नवी आवृत्ती चढवतो आणि जुनी गायब होते. तिसरं, कारखाना. एकाच ब्रँडच्या दोन कारखान्यांचे आकडे खूप वेगळे असू शकतात.

लाकडाच्या पॅनेलचा आकडा उणे दिसला तर खुश होऊन तो बेरजेत घालू नका. सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. झाडाने तो हवेतून घेतला म्हणून ए१ मध्ये उणे येतं. पण लाकडाचं आयुष्य संपलं की सी टप्प्यात तेच अधिक होऊन परत येतं. अहवाल फक्त ए१ ते ए५ चा असेल तर जैविक कार्बन वेगळ्या ओळीत दाखवायचा. तसंच डी टप्पा: पुढे कधीतरी पोलाद पुन्हा वितळवलं जाईल त्याचं श्रेय तिथे असतं. ते वेगळं दाखवायचं, एकूण बेरजेतून वजा करायचं नाही. ही वजाबाकी केलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि ते मोठ्या विश्वासाने सादर झाले होते.

कागदपत्रांचा दुसरा भाग, साहित्याची नोंद, याला लोक कार्बनचं शेपूट समजतात. माझ्या दृष्टीने तोच अधिक टिकणारा भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीचं पाडकाम मोजायला मी होतो. आत सुंदर पोलादी तुळया होत्या, सरळ, गंज नाही, बोल्टने जोडलेल्या, सहज उतरवता येण्यासारख्या. शेजारच्याच नव्या कामात त्यांची लांबी चालत होती. पण पोलाद कोणत्या दर्जाचं, हे सांगणारा एकही कागद नव्हता. प्रत्येक तुळईचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवायचा तर वेळ नव्हता, आणि दर्जा माहीत नसताना डिझायनर सही करेना, त्याचं बरोबरच होतं. शेवटी सगळ्या तुळया गॅसने कापून भंगारात गेल्या. कोणीतरी कधीकाळी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर ते पोलाद दुसऱ्या छताखाली उभं राहिलं असतं. त्या दिवसापासून मी नोंदवहीत दर्जा, परिमाण, हीट नंबर, जोडणीचा प्रकार आणि जागा एवढं लिहिल्याशिवाय पान पूर्ण धरत नाही. जोडणी लिहाच. बोल्ट की वेल्ड, स्क्रू की चिकटवलेलं, यावर ती वस्तू परत निघणार की फुटणार हे ठरतं.

मिक्सडिझाइन

मी रेडीमिक्स प्लांटवर काम करतो, त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला थोडी मदत करू शकतो. जमिनीखाली गेलेल्या काँक्रीटचा पुरावा प्लांटच्या संगणकात असतो. प्रत्येक बॅचला सिमेंट, स्लॅग, खडी, वाळू, पाणी, ॲडमिक्श्चर यांचं ठरलेलं वजन आणि प्रत्यक्ष पडलेलं वजन नोंदवलं जातं. तुमच्याकडे चलानावर गाडी नंबर आणि वेळ आहे ना, तेवढं पुरतं. दोन्ही पोअरच्या तारखा आणि गाड्यांची यादी देऊन बॅच रिपोर्ट मागा. आम्ही हा डेटा ठेवतो, पण संगणक बदलला किंवा सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की जुनं बरंच काही जातं. म्हणून या आठवड्यातच मागा.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. रिपोर्टमध्ये जे नाव छापतं ते सायलोला, म्हणजे सिमेंट-स्लॅग साठवायच्या टाकीला दिलेलं नाव असतं. स्लॅग संपल्यावर त्याच सायलोत सिमेंट भरलं आणि ऑपरेटरने नाव बदललं नाही, तर रिपोर्ट 'स्लॅग २०० किलो' असंच छापत राहतो. कोणाचा फसवायचा हेतू नसतो, रात्रीच्या पाळीत राहून जातं. आमच्याकडे एकदा असं तीन दिवस झालं आणि मीच नंतर ते शोधून काढलं. म्हणून बॅच रिपोर्टसोबत सायलो भरण्याचं रजिस्टर आणि टँकर उतरवल्याची चलानं मागा. कोणत्या तारखेला कोणत्या सायलोत काय उतरलं ते त्यावर असतं. त्या आठवड्यात सिमेंट किती टन आलं आणि किती टन वापरलं याचा मेळही घालता येतो.

आणि तुमच्याकडे साइटवरच एक पुरावा पडलेला आहे: थर्मोकपलची नोंद. निम्मा स्लॅग असलेलं आणि पूर्ण ओपीसी असलेलं काँक्रीट सारखं तापत नाही. जाड राफ्टमध्ये स्लॅग घालण्यामागे ते एक कारण असतंच. पहिल्या पोअरचा आणि नंतरच्या दोन पोअरचा आलेख शेजारी ठेवा.

परत आलेल्या गाड्या विसरू नका. पोअरच्या शेवटी दीड-दोन घनमीटर उरून माघारी येतं. ते तुमच्या इमारतीत नसलं तरी तुमच्यासाठीच तयार झालं होतं. ए५ मध्ये, म्हणजे साइटवरच्या टप्प्यात, वाया गेलेला माल म्हणून धरावं लागतं. चलानाची बेरीज आणि ड्रॉइंगवरचं घनफळ यांतल्या फरकात ते सापडतं.

मोजमाप

'कोण उकरणार' हे वाक्य मी मागे घेतो. सायलोच्या नावाची गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मी स्वतः बॅच रिपोर्ट डोळे झाकून जोडत आलो आहे. मागच्या दोन कामांचे तपासून बघतो.

ताई, सेवांचा भाग सुटू देऊ नका. वातानुकूलन यंत्रांत भरलेला गॅस कोणता आणि किती किलो, हे पाटीवर असतं, पण यंत्र गच्चीवर बसल्यावर पाटीपर्यंत पोचता येत नाही. आर-४१०ए असेल तर एक किलो म्हणजे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. दहा किलो गळला तर २१ टन. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. यंत्रं साइटवर उतरतील त्या दिवशीच पाट्यांचे फोटो काढा.

गच्चीपर्यंत

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले, पण बरंच हाती आलं.

प्लांटने बॅच रिपोर्ट दिले. दुसऱ्या पोअरच्या पहिल्या अकरा गाड्यांवर खरंच 'स्लॅग' छापलेलं होतं. मिक्सडिझाइन यांनी सांगितलं नसतं तर मी ते तसंच धरलं असतं आणि वर म्हटलं असतं की बघा, कागद आहे. टँकरची चलानं मागितली तेव्हा दिसलं की त्या सायलोत आदल्या संध्याकाळी ओपीसी उतरवलं होतं, नाव दुसऱ्या दिवशी सकाळी बदललं. प्लांटच्या माणसांनी काही लपवलं नाही, उलट रजिस्टरच्या पानांवर सही-शिक्का करून दिला. थर्मोकपलचे आलेख काढले: पहिल्या पोअरमध्ये गाभ्याचं तापमान ५४ अंशांपर्यंत गेलं होतं, नंतरच्या दोन्हींत ६७ आणि ६६, तेही बर्फ टाकून. तो आलेख बघितल्यावर बैठकीत कोणी 'ग्रेड तीच आहे' म्हटलं नाही.

अहवालात आता राफ्टच्या दोन ओळी आहेत. ५१० घनमीटरला प्लांटचा ईपीडी, ६४० ला डेटाबेसमधला सामान्य आकडा, शेजारी कारण. सल्लागार आधी नाराज होते. जुनी सळई यांचा फरकाच्या परिच्छेदाचा सल्ला मी त्यांना वाचून दाखवला, मग त्यांनीच तो परिच्छेद माझ्यापेक्षा नेटका लिहिला. एकूण आकडा लक्ष्याच्या वर गेला आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट पाचव्या मजल्यापासून स्तंभांत स्लॅग वाढवायला तयार आहेत, ट्रायल मिक्सचे क्यूब कालच टाकले. किती भरून निघेल ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी कळेल. मी नोंदवहीवर सही केली.

सळईचं अजून अडलेलं आहे. तळघराच्या २३ हीटपैकी १४ बद्दल मिलचं पत्र आलं. उरलेल्या नऊ हीट व्यापाऱ्यामार्फत आल्या होत्या आणि त्याच्याकडे मिलचा कागद नाही. त्या नऊंना भंगाराचा आकडा लावायचा मोह सगळ्यांना आहे, कारण बाकी १४ भंगारातल्याच निघाल्या. मी काय करू?

जुनी सळई

त्या नऊंना झोतभट्टीचा आकडा लावा. कागद आला तर कमी करता येतो. पुढची आवृत्ती काढायला बंदी नाही. टनांची बेरीज मात्र वजनकाट्याच्या पावत्यांवरून घ्या, बार बेंडिंगच्या तक्त्यावरून नको, कारण तक्त्यात कापून उरलेले तुकडे नसतात.

गेटवरच्या पद्धतीचं राहिलं होतं. फार मोठं काही नको. काँक्रीटची गाडी आत घेण्याआधी चलानावर मिक्सचा कोड आणि बाइंडरचं विभाजन छापलेलं हवं, नसेल तर स्टोअरकीपरने प्लांटला फोन करून हाताने लिहून घ्यावं. सळईच्या गाडीला हीट नंबरचा टॅग, काटा पावती आणि सर्टिफिकेट, तिन्ही एका पिनमध्ये. त्यावर कोणत्या मजल्यासाठी ते लिहायचं. सुरुवातीला गाड्या पंधरा मिनिटं खोळंबतील आणि आरडाओरडा होईल. दुसऱ्या आठवड्यापासून पुरवठादार स्वतःच कागद तयार ठेवतात.

मिक्सडिझाइन

त्यात एक जोडा: बॅचच्या आणि काट्याच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात. सहा-आठ महिन्यांत त्या कोऱ्या होतात, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवल्या तर त्याहून लवकर. तुमच्या सात फायलींतल्या जुन्या पावत्या आजच उजेडात धरून बघा आणि ज्या पुसट दिसतील त्यांचे फोटो आधी काढा.

गच्चीपर्यंत

बघितल्या. पायाच्या खोदाईच्या वेळच्या बेचाळीस पावत्या जवळपास कोऱ्या झाल्या आहेत, तिरक्या उजेडात थोडे आकडे दिसतात. स्टोअरकीपर आणि मी मिळून आत्ता त्याच उतरवून काढतोय.